व्याधीचा शेष आणि राष्ट्राचे दायित्व

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अर्बुदाविषयी शल्यवैद्याला एक सक्त ताकीद दिली आहे. अर्बुद काढताना त्याचा काही अंश मागे राहिला, तर ते लवकरच पुन्हा उद्भवते आणि न विझलेल्या अग्नीप्रमाणे रोग्याचा घात करते. म्हणून ते निःशेष काढावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. निदानस्थानात एका अर्बुदावर उठणाऱ्या दुसऱ्या अर्बुदाला ‘अध्यर्बुद’ असे स्वतंत्र नावच दिलेले आढळते. शस्त्र आणि डोळा यांपलीकडे कोणतेही साधन हाती नसताना केलेले हे निरीक्षण आहे. त्याचा अभिमान बाळगण्यात गैर काहीच नाही.

परंतु अभिमानाचेही दोन प्रकार असतात. पूर्वजांनी सारे सांगून ठेवले आहे, असे म्हणून ग्रंथ मिटवून ठेवणारा एक. आणि पूर्वजांनी जेथे बोट ठेवले, तेथून पुढचा प्रश्न विचारणारा दुसरा. शेष ठेवू नका, असे सुश्रुताने सांगितले. तो शेष उरतो का, कोठे दडून बसतो आणि औषधाचा एवढा मारा सोसून पुन्हा उभा कसा राहतो, हा पुढचा प्रश्न आहे. आजच्या कर्करोग संशोधनाचा गाभा हाच आहे. आणि हा प्रश्न सोडविण्याचे काम प्रामुख्याने सरकारी पैशावर चालणाऱ्या, फारशा कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या प्रयोगशाळांतून चालते.

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही, हे मध्यमवर्गीय घरांना वेगळे सांगावयास नको. शस्त्रक्रिया यशस्वी होते, किरणोपचार पार पडतात, केमोथेरपीची आवर्तने संपतात. तपासणीत काही आढळले नाही म्हणून घरात देवापुढे साखर ठेवली जाते. दीड-दोन वर्षे बरी जातात आणि एखाद्या नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांचा चेहरा गंभीर होतो. रोग परतलेला असतो, आणि पहिल्या खेपेस ज्या औषधाने गुण आला, तेच औषध या खेपेस लागू पडत नाही. घरातील माणसे स्वतःलाच दोष देत राहतात: पथ्य चुकले काय, औषध उशिरा सुरू झाले काय? वास्तविक दोष बहुधा त्यांचा नसतो. रोगाने स्वतःला बदललेले असते.

शत्रू एकरूप नसतो

कर्करोगाची गाठ म्हणजे एकाच प्रकारच्या पेशींचा गोळा, अशी सर्वसामान्य समजूत आहे. प्रत्यक्षात ती एक विस्कळीत वस्ती असते. प्रत्येक विभाजनात पेशींच्या जनुकांत लहानमोठे बदल होत जातात आणि गाठ डोळ्यांना दिसेपर्यंत तीत कोट्यवधी पेशी व त्यांच्या अनेक उपजाती तयार झालेल्या असतात. औषधाने त्यांतील बहुसंख्य मरतात. ज्यांच्या अंगी योगायोगाने त्या औषधाला तोंड देण्याचे सामर्थ्य असते, त्या मूठभर जगतात. आणि आजूबाजूचे प्रतिस्पर्धी नष्ट झाल्यामुळे त्यांना मैदान मोकळे मिळते. औषधाने जणू त्यांची निवडच केलेली असते.

हे सामर्थ्य येते कोठून? १९७६ मध्ये कॅनडातील संशोधकांना पेशीच्या आवरणात एक प्रथिन सापडले. हे प्रथिन आत शिरलेले औषध पंपाप्रमाणे बाहेर फेकते. अशा पेशींत औषध पोहोचते खरे, पण टिकत नाही. काही पेशी औषधाने जनुकद्रव्याला केलेली इजा झपाट्याने दुरुस्त करतात. काही पेशी विभाजनच थांबवून निद्रिस्त होतात, आणि वाढत्या पेशींवरच मारा करणारे औषध त्यांना ओलांडून पुढे जाते. काही पेशी औषधाचे लक्ष्य असलेल्या प्रथिनाचा आकारच बदलून टाकतात.

यातील शेवटचा प्रकार समजून घेण्यासाठी एका रक्ताच्या कर्करोगाची कथा पुरेशी आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत एक गुणसूत्र असाधारण आखूड असते, हे १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या संशोधकांना दिसले. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झाल्याने हे घडते, असे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखविले. या अदलाबदलीतून जे विकृत प्रथिन तयार होते, त्यालाच रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये बाजारात आले. पहिल्या निरीक्षणापासून औषधापर्यंत चार दशके गेली. आणि त्याच २००१ सालात लॉस एंजलिसच्या संशोधकांनी सांगितले की, काही रुग्णांत त्या प्रथिनातील ३१५ क्रमांकाच्या जागी एक अमिनो आम्ल बदलले आहे आणि औषध आता तेथे बसतच नाही. पुढे २००६ मध्ये दासाटिनिब आले. पण या ३१५ क्रमांकाच्या बदलाने त्यालाही दाद दिली नाही. त्यावर इलाज करणारे औषध हाती यायला २०१२ उजाडले. रोगाच्या प्रत्येक डावाला प्रतिडाव सापडला तो कोणाला झालेल्या साक्षात्कारामुळे नव्हे. पेशी काय करते, हे कोणीतरी वर्षानुवर्षे बसून पाहिले, म्हणून तो सापडला.

या कथेचा भारतीय अध्याय आपल्याला चांगला ठाऊक आहे. या औषधाच्या सुधारित रूपाला पेटंट देण्यास आपल्या पेटंट कार्यालयाने नकार दिला. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्या पेटंटला विरोध केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी निकाल भारताच्या बाजूने लागला. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्या तेच औषध आठ-दहा हजारांत देत होत्या. तो निकाल हा राष्ट्रहिताचा विजय होता, यात शंका नाही. परंतु शोधून काढलेले औषध स्वस्तात बनविणे ही एक सिद्धी आहे, आणि ते औषध निष्फळ का ठरते हे शोधून काढणे ही वेगळी सिद्धी आहे. पहिलीत आपण जगाला मागे टाकले. दुसरीत आपण कोठे उभे आहोत, हे स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे.

परळपासून खारघरपर्यंत

या दुसऱ्या वाटेवर आपल्याकडे कोणी चाललेच नाही, असे मात्र नव्हे. मुंबईत परळला १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा त्यांचा अभ्यास १९४४ मध्ये अमेरिकेतील नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परदेशी पाठ्यपुस्तकांत ज्या रोगाला गौण स्थान होते, तो आपल्याकडे प्रमुख आहे आणि त्याचे मूळ आपल्या सवयींत आहे, हे रुग्णांच्या आकड्यांतून मांडणारा तो अभ्यास होता. १९५२ मध्ये भारत सरकारने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले आणि त्याचे संचालकपद खानोलकरांकडे आले. पुढे रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आले, १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था यांचे एकत्रीकरण झाले आणि २००२ पासून हे संशोधनकार्य नवी मुंबईत खारघर येथे ‘ॲक्ट्रेक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रात चालते. अणुशक्तीचा विभाग कर्करोगाचे रुग्णालय चालवितो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. पण दीर्घकाळ फळाची वाट पाहण्याची सवय असलेल्या विभागाकडे हे काम गेले, हे देशाचे भाग्यच म्हटले पाहिजे.

खानोलकरांच्या हाताखाली पुण्याच्या एक विदुषी तयार झाल्या: डॉ. कमल रणदिवे. हुजूरपागा आणि फर्ग्युसन महाविद्यालय येथे शिक्षण झालेल्या कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि पेशीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करण्यासाठी त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी कर्करोगाची पेशी शरीराबाहेर अखंड वाढती ठेवण्याचे काम जगात प्रथम १९५१ मध्ये ज्यांनी केले, तेच हे गे. कमलताईंना तेथे राहणे अशक्य नव्हते. त्या परत आल्या. मुंबईत त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ती देशातील पहिली मानली जाते. स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासासाठी त्यांनी उंदरांच्या जाती जोपासल्या, आनुवंशिकतेचा आणि संप्रेरकांचा संबंध तपासला. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. तरीही, महाराष्ट्रातील किती घरांत आज त्यांचे नाव ठाऊक असेल?

त्याच परंपरेत डॉ. सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मशेरी आणि सुपारी यांसारख्या, परदेशी प्रयोगशाळांना नावानेही ठाऊक नसलेल्या पदार्थांचा उंदरांवर अभ्यास केला. आपल्या खेड्यापाड्यांतील आयाबाया ज्या मशेरीने दात घासतात, तिच्यात काय आहे, हे न्यूयॉर्क किंवा लंडनच्या संशोधकाने शोधावे, अशी अपेक्षा धरणेच चूक होते. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जाहीर केले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली. अशा निर्णयांना जो शास्त्राधार लागतो, तो अशाच प्रयोगशाळांतून वर्षानुवर्षे साठत आलेला असतो.

आपला रोग आपणच अभ्यासला पाहिजे, हे तत्त्व आजही तितकेच खरे आहे. गालाच्या आतील भाग आणि हिरडी यांचा कर्करोग हा तंबाखू चघळणाऱ्या भारताचा खास रोग. जगातील अनेक देशांनी वेगवेगळ्या कर्करोगांची जनुकीय मांडणी करण्याचे काम वाटून घेतले, तेव्हा भारताने हा रोग निवडला. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचे केंद्र यांनी जैवतंत्रज्ञान विभागाच्या निधीतून हे काम केले आणि २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी ठाऊक असलेल्या जनुकांखेरीज या रोगात वारंवार बिघडणारी पाच नवी जनुके त्यांना आढळली. त्याच वर्षी टाटा केंद्रातील संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ९०७ भारतीय रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. ज्या जनुकीय बदलावर आधुनिक गोळ्या लागू पडतात, तो बदल त्यांपैकी सुमारे २३ टक्के रुग्णांत होता. हे प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा अधिक आणि पूर्व आशियातील लोकांपेक्षा कमी आहे. हा आकडा आयात करता आला नसता. तो आपल्याच रुग्णांतून, आपल्याच माणसांनी काढावा लागला.

सुश्रुताच्या ‘शेषा’चा प्रश्न तर खारघरच्या एका प्रयोगशाळेने अक्षरशः हाती घेतला. ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा अतिशय घातक कर्करोग. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांनंतरही तो जवळजवळ हमखास परततो. रुग्णाच्या मेंदूत उरलेल्या मोजक्या पेशी शोधून काढणे अशक्यप्राय. म्हणून तेथील संशोधकांनी या गाठींतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना किरणांचा मारा दिला आणि मेल्या त्यांच्यापेक्षा उरल्या त्यांच्याकडे लक्ष दिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात असे दिसले की, उरलेल्या पेशी काही काळ विभाजन थांबवितात. त्या एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या अवाढव्य पेशी बनतात आणि या अवस्थेत तग धरून पुढे पुन्हा वाढू लागतात. संकटात सापडलेले लोक एका घरात जमून दार लावून बसावेत आणि वादळ ओसरल्यावर बाहेर पडावेत, तसाच हा प्रकार. या अवस्थेतच त्यांना गाठता आले तर? यावर आज लगेच औषध नाही. पण घराचा पत्ता सापडल्याशिवाय दार ठोठावता येत नाही.

झाड येथले, माणूस येथला

हे काम सरकारी पैशावरच का व्हावे? उद्योगजगत ते का करणार नाही? याचे उत्तर नंदुरबारच्या एका सुपुत्राच्या चरित्रात आहे. डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठातून शिकून ते अमेरिकेत गेले आणि तेथे डॉ. मन्रो वॉल यांच्यासह त्यांनी वनस्पतींतून दोन अपूर्व द्रव्ये शोधून काढली: १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ मध्ये यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल. दोन्हींच्या मागे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा, म्हणजे तेथील करदात्यांचा पैसा होता. यूची साल गोळा झाली १९६२ मध्ये. टॅक्सॉल पेशीच्या विभाजनात कसा अडथळा आणते, हे न्यूयॉर्कच्या सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये उलगडले. औषधाला मान्यता मिळाली १९९२ मध्ये. तीस वर्षे! कोणत्या कंपनीचे भागधारक तीस वर्षे थांबतील?

यातील मनाला चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या झाडात असल्याचे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते शोधून काढणारे शास्त्रज्ञही भारतीयच होते. पण त्यापासून रुग्णाला देता येईल असे औषध बनविले ते जपानने आणि अमेरिकेने, १९९० च्या दशकात. आपल्याकडे काय झाले? नरक्याची बेकायदा तोड होऊन लाकूड पोत्यांत भरून बाहेर गेले. झाड येथले, माणूस येथला. मधली प्रयोगशाळा मात्र येथे नव्हती. स्वदेशीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य मनाशी घोळवावे. कच्चा माल देणारा आणि पक्का माल विकत घेणारा देश, हे दादाभाई नौरोजींनी मांडलेले चित्र केवळ कापसापुरते नव्हते.

अमेरिकेच्या उदाहरणातून दुसराही धडा घ्यावयास हवा. तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये दाखवून दिले की, २००२ पर्यंत टॅक्सॉल विकणाऱ्या कंपनीने सुमारे नऊ अब्ज डॉलरची विक्री केली आणि सरकारी संशोधन संस्थेच्या हाती स्वामित्वशुल्क आले ते अवघे साडेतीन कोटी डॉलर. जनतेने पेरले आणि कापणी दुसऱ्याने केली. तेव्हा सार्वजनिक पैसा देताना सार्वजनिक अट घालणे, हेही राज्यकर्त्यांचे कर्तव्यच आहे.

पीक आले, आता कस लागेल

आपल्याकडे ही संधी नुकतीच आली आहे. रुग्णाच्याच रक्तातील रोगप्रतिकारक पेशी बाहेर काढून, त्यांत जनुकीय बदल करून, कर्करोगाच्या पेशी ओळखण्यास त्यांना ‘शिकवून’ पुन्हा शरीरात सोडण्याची कार-टी उपचारपद्धती मुंबईच्या आय.आय.टी.ने आणि टाटा स्मारक केंद्राने देशातच विकसित केली. तिच्यामागे जैवतंत्रज्ञान विभागाचे साह्य होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. इतर उपचार थकल्यानंतर येणाऱ्या रक्ताच्या काही कर्करोगांसाठी ती आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांच्या निष्कर्षांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिल्याचे नमूद आहे. परदेशात तीन-चार कोटी रुपये पडणारा उपचार येथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आला, असे त्या वेळी सांगण्यात आले.

ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु दोन सत्ये नजरेआड करून चालणार नाही. पहिले असे की, तीस लाख रुपये हे शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घराला तीन कोटींइतकेच दूर असतात. किंमत आणखी खाली आणण्याचे काम संपलेले नाही. दुसरे असे की, कर्करोगाची पेशी येथेही डाव बदलते. ज्या खुणेवरून ही ‘शिकविलेली’ पेशी शत्रूला ओळखते, ती खूणच काही रुग्णांत कर्करोगाच्या पेशी पुसून टाकतात आणि रोग परततो. म्हणजे पुन्हा तोच शेष, पुन्हा तोच प्रश्न, आणि पुन्हा तीच प्रयोगशाळा. एक सोहळा झाला म्हणजे लढाई संपली, असे मानणारा समाज पुढची लढाई हरतो.

आणि म्हणूनच आपल्या आर्थिक तरतुदींकडे निर्मळ दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. २०२०-२१ च्या अधिकृत आकडेवारीनुसार संशोधनावर भारताचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीन दोन टक्क्यांच्या पुढे गेला आहे, दक्षिण कोरियाने चार टक्क्यांची आणि चिमुकल्या इस्रायलने पाच टक्क्यांची मर्यादा ओलांडली आहे. केंद्र सरकारने या दिशेने काही पावले टाकली आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. २०२३ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचे उद्दिष्ट ठेवले गेले. २०२५ मध्ये एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन-विकास निधीला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पण पहिल्या रकमेतील मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून येणे अपेक्षित आहे आणि दुसरा निधी प्रामुख्याने उद्योगांना, कल्पनेच्या पलीकडे गेलेल्या तंत्रज्ञानासाठी द्यावयाचा आहे. तयार होत आलेल्या फळाला पाणी घालण्याची ही व्यवस्था आहे. बी रुजविण्याचे काय? मेंदूतील चार पेशी किरणांनंतर का जगल्या, हे सहा वर्षे पाहत बसणाऱ्या प्रयोगशाळेला कोणता उद्योग कर्ज देईल आणि तिने ते कशातून फेडावे?

राज्यकर्ते आपल्या विचारांचे असले म्हणून हा प्रश्न विचारू नये, असे नाही. उलट आपुलकीच्या माणसाने विचारलेला प्रश्न अधिक मोलाचा असतो. संशोधक विद्यार्थ्यांचे विद्यावेतन वेळेवर न मिळणे, रसायने आणि उपकरणे यांच्या खरेदीत महिने जाणे, प्रकल्प संपताच प्रशिक्षित माणसे विखुरली जाणे, या तक्रारी नव्या नाहीत. कर्करोगाच्या पेशींना वाढत्या ठेवावयाचे तर त्यांना नियमाने पोषकद्रव्य द्यावे लागते. त्या नस्ती पुढे सरकण्याची वाट पाहत नाहीत. परदेशातून परतण्याची इच्छा असलेल्या तरुणाला देशप्रेमाची हाक जरूर घालावी, पण त्याच्या मेजावर सूक्ष्मदर्शक असेल याचीही व्यवस्था करावी. कमलताई परतल्या तेव्हा त्यांना उभे राहण्यासाठी एक संस्था होती, हे विसरता कामा नये.

कसोटी सर्वांना एकच

आता काही कटू शब्द स्वतःसाठी. आपल्या घराघरांत, आणि आपल्याशी आत्मीयता राखणाऱ्या मंडळींतही, कर्करोगावरील रामबाण इलाजांच्या वार्ता फार लवकर पसरतात. कोणी गोमूत्राचा अर्क सांगतो, कोणी काढा, कोणी केवळ उपवास. नोव्हेंबर २०२४ मध्ये हळद, कडुनिंब आणि आहार यांनी प्रगत अवस्थेतील कर्करोग बरा झाल्याचा दावा देशभर गाजला, तेव्हा टाटा रुग्णालयाच्या अडीचशेहून अधिक आजी-माजी तज्ज्ञांना एकत्र येऊन सिद्ध झालेले उपचार सोडू नका, असे जाहीर आवाहन करावे लागले. अशा दाव्यावर विसंबून ज्यांनी शस्त्रक्रिया लांबविली, त्यांचा रोग थांबून राहत नाही. पहिल्या अवस्थेतील बरा होऊ शकणारा रुग्ण चौथ्या अवस्थेत परळला येतो, ही श्रद्धेने केलेली हानी आहे.

याचा अर्थ आपल्या परंपरेत काही नाही, असा मुळीच नव्हे. सह्याद्रीतील नरक्याने आणि हिमालयातील यूने तसे सिद्धच केले आहे. आपल्या वैद्यांनी सांगितलेल्या वनस्पती तपासल्या गेल्याच पाहिजेत. पण तपासल्या गेल्या पाहिजेत. कोणत्या पेशीवर, किती मात्रेत, किती रुग्णांत, कोणाशी तुलना करून, ही कसोटी परदेशी औषधाला जशी, तशीच स्वदेशी औषधाला. १९९७ मध्ये हळदीच्या जखमांवरील उपयोगाचे अमेरिकेतील पेटंट भारताने रद्द करविले, ते घोषणांच्या बळावर नव्हे, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक परिषदेने लेखी पुरावे सादर केले, म्हणून. पुरावा हेच त्या विजयाचे शस्त्र होते. सुश्रुताचा वारसा सांगणाऱ्यांनी ते शस्त्र टाकून देणे, हा सुश्रुताचाच उपमर्द ठरेल.

सेवा आणि अनुसंधान

परळला नाना पालकर स्मृती समितीच्या सदनात आजही देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले रुग्ण उतरतात. हातात फायलींची पिशवी, सोबत भेदरलेला भाऊ किंवा पत्नी. कार्यकर्ते त्यांच्या जेवणाची, निवाऱ्याची, औषधाची चिंता वाहतात. या सेवेला मोल नाही. पण सेवा करणाऱ्या प्रत्येकाने हे दृश्यही पाहिलेले असते की, गेल्या वर्षी हसत घरी गेलेला रुग्ण या वर्षी पुन्हा त्याच दारात उभा आहे. त्या क्षणी कार्यकर्त्याची ओंजळ रिकामी असते. ती भरण्याचे सामर्थ्य खारघरच्या आणि कल्याणीच्या प्रयोगशाळेत आहे. रात्री उशिरापर्यंत पेशींच्या तबकड्या तपासणाऱ्या, कोणी नाव न घेणाऱ्या तरुण-तरुणींच्या हातात आहे. भारतात २०२२ मध्ये १४ लाखांवर नवे कर्करोगी आणि ९ लाखांवर मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. एवढ्या मोठ्या दुःखाला केवळ सांत्वनाने उत्तर देता येत नाही.

नागपुरात २०२३ मध्ये लोकार्पण झालेली राष्ट्रीय कर्करोग संस्था ज्या संस्थेने उभारली, तिच्या नावात ‘सेवा’ आणि ‘अनुसंधान’ हे दोन्ही शब्द आहेत. डॉ. आबाजी थत्ते यांच्या स्मृतीशी जोडलेले हे दोन शब्द जोडीनेच शोभतात. सेवा आजच्या रुग्णाला आधार देते, अनुसंधान उद्याच्या रुग्णाला वाचविते. आपल्या घरातील बुद्धिमान मुलीने जीवशास्त्रातील संशोधनाची वाट धरण्याचे ठरविले, तर ‘त्यात पैसा कुठे आहे’ असे म्हणून तिला परावृत्त न करणे, ही सुद्धा एक राष्ट्रसेवाच आहे. आपल्या खासदाराला रस्त्याबरोबरच संशोधनाच्या निधीविषयी विचारणे, ही दुसरी. आणि यंदा काय शोध लागला, असा दरवर्षी तगादा न लावता वीस वर्षांची वाट पाहण्याची तयारी ठेवणे, ही कदाचित सर्वांत अवघड अशी तिसरी.

अग्नी, ऋण आणि शत्रू यांचा शेष ठेवू नये, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. व्याधीचाही शेष ठेवू नये, हे सुश्रुताने सांगून ठेवले. तो नाहीसा कसा करावा, हे सांगण्याचे काम त्याने आपल्यावर सोपविले आहे. ते अजून पुरे झालेले नाही.